निरोप येईल तिकडे पाय

मी एक जुना अमीबा आहे. किती जुना, ते विचारू नका मित्रांनो. आम्ही म्हातारे होत नाही, एकाचे दोन होतो. सालवडच्या डबक्यातून मला नववीतल्या दीपिकानं उचललं आणि बरणीत, भाताचा पेंढा भिजवलेल्या पाण्यात ठेवलं. पेंढा कुजला, जिवाणू माजले, माझी चंगळ झाली.

मला नाक नाही, पण अंगभर पहारेकरी प्रथिनं आहेत. जिवाणूंचा माग लागला, की ती आतल्या निरोप्या प्रथिनांना ढोसतात. निरोप ज्या बाजूचा, त्या बाजूला माझा पाय फुटतो.

विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी मात्र मी गोळा होऊन पडलो होतो. मी चाललो, तरच दीपिकाचा प्रयोग तालुक्याला जाणार होता.

"तुझा अमीबा संपावर गेलाय गं!" सूक्ष्मदर्शकात डोकावून वर्गातला स्वराज म्हणाला.

उत्कर्षामॅडमनी बरणी उजेडात धरली. "पाणी इतकं नितळ कसं?"

दीपिकाची मान खाली. "कालच बदललं मॅडम, फिल्टरचं घातलं. हा नाक धरून बोलला, तुमी डोंगरातले घाणेरडेच."

स्वराजला एकदम भिंतीवरचा तक्ता वाचावासा वाटला.

"म्हणजे बिचारा रात्रभर उपाशी," मॅडम म्हणाल्या. "जुनं पाणी?"

"मागं बादलीत हाय."

मॅडमनी नुसतं स्वराजकडे पाहिलं. तो धावला. परत आला तेव्हा दोन्ही हात बादलीला; नाक धरायला हातच उरला नव्हता.

काचपट्टीच्या कडेनं एक थेंब आत आला. पहारेकरी जागे झाले, निरोप सुटला, आणि तेवढ्यात येऊन सूक्ष्मदर्शकात डोकावणाऱ्या परीक्षकांच्या डोळ्यादेखत माझा पाय फुटला. मी निघालो! पण चार पावलांवर भक्ष्य भेटलं आणि मी थबकलो.

"मेला वाटतं," परीक्षक म्हणाले.

"नाय सर, जेवतोय," दीपिका मान वर करून म्हणाली. "'चाला' सांगणारी प्रथिनं तीच, 'गिळा' सांगणारी पण तीच. ती गिळण्याच्या कामाला लागली, की चालणं थांबतं."

"जेव बाबा," परीक्षक पुटपुटले आणि खुर्ची ओढून बसले. माझं आटोपून मी पुन्हा निघालो, तेव्हाच त्यांनी दीपिकाचं नाव तालुक्याच्या यादीत लिहिलं.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कुणाचं पाणी घाण म्हणून ओतण्याआधी त्याला विचारा, 'बाबा रे, तू यात जेवतोस का?'