मीटरच्या पेटीपुढची खुर्ची

इस्पितळातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. एकतीस वर्षं त्यांनी वॉर्डात काढली होती. मोठमोठ्या डॉक्टरांना भीक न घालणाऱ्या सिस्टरना शेवटी गुडघ्यांपुढे हात टेकावे लागले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघितल्या आणि हे घर सोडायचं ठरलं.

मुहूर्त मात्र वाईट लागला. ऐन उन्हाळ्यातला महिन्याचा शेवटचा दिवस. आठवडाभर ऊन असं तापत होतं की जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसावा. सिस्टरनी त्याचा विचार आधीच करून ठेवला होता. ट्रक पहाटे साडेपाचला बोलावला होता, म्हणजे नऊपर्यंत सगळं उरकलं असतं. औषधं त्यांनी बर्फाच्या पिशवीत वेगळी काढली. फ्रिज आणि छताचा पंखा अगदी शेवटी उतरवायचा, असं धाकट्या भावाला बजावलं. भावाला ते पटलं नव्हतं. तो एका कचेरीत कारकून होता आणि सगळी कामं यादीप्रमाणे व्हावीत असं त्याला वाटायचं. पण ताईपुढे तो सहसा हूं की चूं करत नसे.

सगळं फिसकटवलं घरमालकानं. तो तळमजल्यावर राहायचा. पहाटे ट्रक फाटकाशी आला तेव्हा त्यानं कुलूप काढायला साफ नकार दिला. धडधड ऐकून त्याची झोपमोड होते, नऊच्या आत फाटक उघडणार नाही, असं खिडकीतूनच सांगून त्यानं पडदा ओढून घेतला. ट्रक साडेतीन तास बाहेर उभा राहिला. आणि नऊला फाटक उघडताना हाच गृहस्थ वर म्हणतो, करारात लिहिलंय, बाराला घर रिकामं पाहिजे, दुपारी नवे भाडेकरू येणार आहेत.

हमाल चौघं होते. त्यांच्या मुकादमानं घड्याळाकडे बघितलं आणि माणसांना पळवायला सुरुवात केली. पलंग गेला, भांड्यांची खोकी गेली. साडेअकराला लोखंडी कपाट निघालं. ते उचलायला सगळ्यांत धिप्पाड गडी पुढे झाला. त्याला सगळे पैलवान म्हणत. कपाट पोचवून तो परत वर आला, तेव्हा सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याला पाणी दिलं. त्यानं पेला घेतला आणि त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "कपाट कुठंय? कपाट आणायचंय ना?"

बाकीचे हसले. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या मानेला हात लावला. कातडी तव्यासारखी तापली होती, आणि इतका वेळ निथळणाऱ्या माणसाच्या अंगावर आता घामाचा थेंब नव्हता.

"खाली झोपवा याला. पंख्याखाली. आत्ता."

त्यानंतरची पंधरा मिनिटं त्या खोलीचा वॉर्ड झाला होता. सदरा काढा, चादरी भिजवा, फ्रिजमधला बर्फ फडक्यात बांधून काखेत आणि जांघेत ठेवा, मानेखाली ठेवा. शुद्धीवर नीट नाही तोवर तोंडात पाणी घालायचं नाही. भावाला त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितला. पलीकडून कळलं, अर्धा तास लागेल, सकाळपासून असेच फोन येताहेत. पंखा गरगरत होता आणि ओल्या चादरीवरून गार झुळूक उठत होती. भावानं वर पंख्याकडे एकदा बघितलं आणि दुसरी चादर भिजवायला घेतली.

बाराला पाच कमी असताना घरमालक पायऱ्या चढत आला. दारातून त्यानं आतलं सगळं पाहिलं आणि विचारलं ते एवढंच, की उरलेलं सामान कधी उतरणार.

"ऊन उतरल्यावर," सिस्टर म्हणाल्या. "साडेपाचनंतर. तोवर यातलं एकही माणूस जिना चढणार नाही."

"बारानंतर हे घर तुमचं नाही."

"घर तुमचंच आहे. माणसं तुमची नाहीत."

मुकादम चुळबुळला. त्याला चार वाजता दुसरीकडे ट्रक न्यायचा होता, कंपनीचा साहेब त्याच्या नावानं शंख करणार होता. सिस्टरनी त्याच्याच फोनवरून साहेबाला गाठलं आणि वॉर्डात ज्या आवाजात बोलायच्या त्या आवाजात विचारलं, की एक माणूस झोपलाय, आणखी किती झोपलेले चालतील. साहेबानं चारचं काम रात्री नऊला ढकललं.

घरमालक मात्र बोलून थांबणारा नव्हता. तो पाय आपटत खाली गेला, आणि मिनिटाभरात पंखा मंद होत होत थांबला.

खोलीत कुणाला काही समजायच्या आत सिस्टर निघाल्या होत्या. जाताना भावाला एवढंच म्हणाल्या, पुठ्ठ्यानं वारा घाल, थांबू नकोस. आणि मुकादमाला म्हणाल्या, ती खुर्ची घेऊन माझ्यामागे ये. ज्या गुडघ्यांपायी घर सोडायचं, तेच गुडघे घेऊन त्या तीन मजले कठडा न धरता उतरल्या. मीटरची पेटी जिन्याखाली होती. घरमालक पेटीशीच उभा होता. सिस्टरनी त्याच्या बगलेखालून हात घातला आणि खटका वर केला. मग पेटीपुढे खुर्ची ठेवून तिला पाठ लावून बसल्या.

"उठा तिथून," घरमालक म्हणाला.

"मला उठवायचं तर हात लावावा लागेल. लावा."

घरमालकानं मुकादमाकडे बघितलं. मुकादमानं हाताची घडी घातली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. घरमालक पेटीपासून दोन पावलं मागे सरकला.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा पैलवान स्वतःचं नाव सांगण्याइतका भानावर आला होता. त्याला स्ट्रेचरवरून खाली आणलं. बसल्या जागेवरून सिस्टरनी त्याचं अंग कधी किती तापलं होतं, बर्फ कधी ठेवला, सगळं सांगितलं. गाडी गेली तरी त्या उठल्या नाहीत. वर तीन माणसं अजून पंख्याखाली पडून होती.

एक वाजता नव्या भाडेकरूचा ट्रक आला. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस होता, बरोबर म्हातारी आई. घरमालकाला हायसं वाटलं. त्यानं चष्मेवाल्याला मोठ्यानं सांगितलं, की घर तुमचंच आहे, बेलाशक सामान चढवा, यांचं राहिलंय ते बाहेर काढून ठेवा. चष्मेवाला गोंधळून एकदा खुर्चीकडे, एकदा जिन्याकडे बघू लागला.

सिस्टरचं लक्ष ट्रकच्या केबिनकडे होतं. म्हातारीनं दाराला डोकं टेकलं होतं आणि तोंड उघडं टाकलं होतं.

"आधी आईला उतरवा," त्या म्हणाल्या. "सामानाचं मग बघू."

पण उतरवून नेणार कुठे? तीन मजले चढणं तिला जमणार नव्हतं. तेव्हा जे घडलं ते सिस्टरनाही खरं वाटलं नाही. ज्यानं आयुष्यात शेजाऱ्याच्या दारावर दोनदा टकटक केली नसेल, तो त्यांचा धाकटा भाऊ खाली आला, म्हातारीच्या खांद्याला आधार दिला आणि थेट घरमालकाच्या दारावर थाप मारली. दार घरमालकाच्या बायकोनं उघडलं. ती आतून सगळं ऐकत असावी, कारण तिनं काही विचारलं नाही. कूलरसमोरचा कोच मोकळा केला, म्हातारीला बसवलं, आणि नवऱ्याकडे न बघता पाण्याचा माठ उंबऱ्याशी आणून ठेवला.

"मीही संध्याकाळीच चढवतो," चष्मेवाला म्हणाला. "असल्या उन्हात माझ्या फ्रेमा वाकतात. माणसांचं काय घेऊन बसलात." त्यानं आपला ट्रक समोरच्या शाळेच्या भिंतीच्या सावलीत नेऊन लावला.

घरमालक थोडा वेळ अंगणात उभा राहिला. पण तिथे ऊन होतं. तो आत गेला.

साडेपाचला काम सुरू झालं. एकाचं सामान उतरत होतं, दुसऱ्याचं चढत होतं, आणि जिन्यात दोन्हीकडचे हमाल एकमेकांना वाट देत होते. मधेच मुकादमाला फोन आला. पैलवानाचा ताप उतरला होता, रात्रभर ठेवून घेणार होते, आणि त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की शिलाईचं मशीन कुणी उचललं, कारण त्याचा एक पाय सुटा आहे. मुकादम हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला.

साडेसहाला सिस्टरनी किल्ली दिली. घरमालक ती घेताना म्हणाला, "बारा वाजता असं लेखी होतं."

"होतं. मी ते मोडलं असं पाहिजे तर मीही लेखी देते. खाली सहीसुद्धा करते."

त्यानं कागद आणला नाही. सिस्टर ट्रकमध्ये पुढे चढल्या तेव्हा गुडघे नारळाएवढे सुजले होते. भाऊ शेजारी बसला. त्यानं विचारलं, "ताई, त्यानं खरंच हात लावला असता तर?"

"तर मी पुन्हा बसले असते," सिस्टर म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली.