दौलतरावांच्या मोटारीचा सेल्फ

रिसोडच्या आसपासच्या खेड्यांत मोटार एकट्या दौलतरावांकडे होती, आणि ती आहे हे कुणी विसरू नये याची काळजी ते स्वतः घेत. पायाने कळ दाबली की इंजिन आपोआप फिरायचं, हँडल मारत घाम गाळायला नको. इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या त्या विजेच्या यंत्राला सगळे सेल्फ म्हणत. पाहुणा आला की दौलतराव त्याला चहाच्या आधी सेल्फ दाखवत.

असा तो सेल्फ नेमका विजयमालेच्या आईच्या आजारपणात मुका झाला.

विजयमाला म्हणजे दौलतरावांची बायको. तिचं माहेर कारंज्याकडचं धनज, बैलगाडीने जायचं तर वाटेत मुक्काम पडणार. तिथून सांगावा आला की प्रयागबाईंनी अंथरूण धरलंय आणि त्या सारख्या लेकीचं नाव घेताहेत. दोन्ही घरांत तेव्हा विस्तव जात नव्हता. लोकल बोर्डाच्या निवडणुकीत तिचे वडील शालिग्रामजी जावयाच्या विरोधकासाठी गावोगाव फिरले होते, आणि जावई पडला होता. त्यामुळे नवरा नाहीच म्हणेल असं तिने धरलं होतं. पण दौलतराव भरल्या बैठकीत म्हणाले, "जाय न. माय हाय तुही. मोटार हाय, लालसिंग हाय. कोन अडवते तुले?"

तिचे डोळे भरून आले. नवऱ्याबद्दल इतकं बरं तिला लग्नानंतर फार वेळा वाटलं नव्हतं.

लालसिंग हा ड्रायव्हर, जवळच्याच तांड्यावरचा. विजयमालेला सख्खा भाऊ नाही, म्हणून ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. एका दिवाळीत लालसिंग तिला धनजला घेऊन गेला, तर प्रयागबाईंनी त्यालाच पाटावर बसवलं. म्हणाल्या, "चंद्र काय खण घेऊन येते? हा हाय न धडधाकट." तेव्हापासून लालसिंग दरवर्षी ताटात खण टाकायचा, आणि प्रयागबाई त्याला लेक म्हणायच्या. तोंडदेखलं नाही, खरंच मानायच्या.

निघायच्या दिवशी विजयमाला बोचकं घेऊन मोटारीत बसली. लालसिंगने कळ दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. दिवे लागत होते, भोंगा वाजत होता, इंजिन मात्र ढिम्म.

"बॅटरी चांगली हाय, बाई," तो म्हणाला. "खराबी सेल्फात हाय."

"मंग हँडल मार न, दादा."

"हँडलनं सुरू होईन," दौलतराव पायरीवरून म्हणाले, "पन रस्त्यात बंद पडली तं? मंगरूळच्या रानात घरच्या बाईले घेऊन हा काय करीन? दोन दिवस थांब. बैलगाडीनं जाशीन तवरिक सेल्फ दुरुस्त होते."

भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत चार परक्यांच्या मांडीला मांडी लावून या घरची बाई कधी बसली नव्हती, ते तर कुणी बोललंसुद्धा नाही. नवऱ्याचं बोलणं इतकं समंजस होतं की त्यात कुठे बोट ठेवायला जागाच नव्हती.

मग विजयमालेने या घरात कुठल्याच सुनेने केलं नव्हतं ते केलं. पदर खोचला आणि मोटारीपाशी जाऊन बसली. लालसिंगने सेल्फ सोडवला, तिने नट पदरात धरले. त्याने यंत्र उघडून आतले वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे दाखवले. "झिजले, बाई. दुसरा सेल्फच लागन. नवा बंबईहून मागवाचा तं महिना गेला. कारंज्याले अशीच एक जळालेली मोटार पडली हाय. तिचा आनतो."

"कारंज्याहून धनज जवळच हाय," ती म्हणाली. "मायले भेटून ये, दादा. सांग, सेल्फ बसला की मी आलीच."

"सांगतो," लालसिंग म्हणाला.

तो चार दिवसांनी एक जुना सेल्फ घेऊन आला. विजयमाला वाटेकडे डोळे लावूनच होती. "मायले भेटला? काय म्हनली?"

"भेटलो. काही नाई म्हनली. आयकून घेतलं."

आणलेला सेल्फ बसेना. त्याचे दात इंजिनाच्या चाकाच्या दातांत जातच नव्हते. "माप चुकलं," लालसिंग म्हणाला, आणि त्याने जुनाच परत चढवायला घेतला. बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेचं टोक कागदाने घासून लख्ख केलं. "तांबं चमकलं पायजे, बाई. मधात मळ बसला की वीज जात नाई." मग त्याला तहान लागली. ती पाणी घेऊन आली तोवर तार बसवून झाली होती. "दाबा कळ," तो म्हणाला. तिने सगळा जीव पायात आणून कळ दाबली. मोटार हूं की चूं करेना. विजयमाला तिथेच चाकाला टेकून रडली, आणि तिचा मानलेला भाऊ खाली मान घालून हत्यारं पुसत राहिला.

एका सकाळी दौलतराव कोर्टाच्या कामाला कुणाच्या तरी बैलांच्या दमणीतून वाशीमला गेले. दुपारी लालसिंग लिंबाखाली आडवा झाला होता. विजयमालेच्या मनातून ती तार जात नव्हती. पुन्हा मळ बसला असेल तर? घासायला काय लागतं? तिने पाना घेतला, पाहिलं होतं तसाच नट सोडला. तारेच्या टोकाखाली मेणकापडाची बारकी घडी होती.

ती घडी आपोआप तिथे जाऊन बसत नाही, हे कळायला इंजिन शिकावं लागत नाही.

तिने मेणकापड काढलं, नट आवळला, किल्ली फिरवली, कळ दाबली. मोटार एका दाबात गरजली. लालसिंग धडपडत धावत आला. तिच्या हातातली घडी पाहून तो जागीच बसला.

"दादा, काहून?"

"मालकानं सांगतलं, बाई. लोकाईसमोर नाई म्हनता येत नाई, तं मोटारच बंद ठेव. सासरा येऊन पाया पडला की सोडू म्हनले. नाई आयकलं असतं तं तांड्यावरच्या आमच्या झोपड्या उठवल्या असत्या त्याईनं."

तिला त्या बैठकीतला मोठेपणा आठवला. ज्या बोलण्याने डोळे भरून आले होते, ते बोलणंच खोटं होतं. "चाल," ती एवढंच म्हणाली. "आत्ता."

लालसिंग एका शब्दाने आडवा आला नाही. मालक काय करतील ते त्याला ठाऊक होतं, तरी त्याने गाडी काढली. मंगरूळ मागे पडलं तसा तिचा राग त्याच्यावरून उतरला. गरीब माणूस, पोराबाळांचा धनी, त्याने तरी काय करावं? निदान शेवटी खरं बोलला. "रडू नको, दादा," ती म्हणाली. "तुह्यावर राग नाई माहा." तो काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि परत रस्त्याकडे पाहायचा.

धनजला पोचली तेव्हा दिवस कलला होता. अंगणात आईची बाज उभी करून ठेवली होती. माणूस गेल्यावरच बाज अशी उभी करतात. शालिग्रामजी ओट्यावर बसले होते, उठले नाहीत.

"आता कायले आली?"

"बा, मोटार बंद..."

"मोटारीचं नको सांगू. 'ज्यानं माह्या नवऱ्याले पाडलं, त्याच्या घराची पायरी मी चढत नाई,' असं तूच सांगून पाठवलं न?"

"म्या? कोन म्हनलं?"

शालिग्रामजींनी तिच्या मागे, मोटारीतून उतरणाऱ्या लालसिंगाकडे पाहिलं. "दुसऱ्या कोनी सांगतलं असतं तं तुह्या मायनं त्याले हाकलून देल्लं असतं. पन लेकानं सांगतलं. तिनं दोनदा इचारलं त्याले. मंग म्हनली, लांबून आला, त्याले जेवू घाला. तो गेला आन् तिनं दवाले तोंड लावलं नाई. काल गेली."

विजयमाला वळली. लालसिंगने हात जोडले होते. एवढा रस्ता त्याच्याजवळ होता, आणि आख्ख्या रस्त्यात त्याने हे सांगितलं नव्हतं. वर तिची माफी मात्र गुपचूप घेतली होती. नवऱ्याने मोटार अडवली होती, निरोपही त्यानेच पढवला असणार. पण याने तिला आईच्या मनातून उठवलं होतं, तिथल्याच पाटावर बसून, तिच्याच घरचं जेवून.

ती आत गेली. आई निजायची ती जागा सारवली होती आणि तिथे पणती जळत होती. तिच्यासमोर बसून ती मोठ्याने म्हणाली, "माय, म्या असं नव्हतं म्हनलं वं. म्या नव्हतं म्हनलं."

भिंतीला टेकून बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं.  नवऱ्याच्या मोटारीत बसून, त्याच लालसिंगाला संगती घेऊन, आई गेल्यावर आलेल्या लेकीवर कोण विश्वास ठेवणार होतं?