उधळपट्टीचं मूळ

शब्दकोशाच्या कचेरीतल्या सहसंपादक बाईंनी 'उधळपट्टी'ची नोंद सकाळीच उरकली होती. 'उधळणे'पासून, अर्थ : वारेमाप, अनाठायी खर्च, 'पट्टी'चा उगम अनिश्चित. दोन ओळी, विषय संपला.

अध्यक्षसाहेबांना मात्र 'अनिश्चित' झोंबलं. "आपल्या कोशाची काही शान आहे की नाही? तज्ज्ञ बोलवा!"

झालं! तळ्याकाठच्या हॉटेलात तीन दिवसांचं चर्चासत्र ठरलं. आठ तज्ज्ञ आले, सपत्नीक. एकाचे मेहुणेही आले. ते तज्ज्ञ नव्हते, पण त्यांना पोहायला आवडायचं. प्रत्येकाला चामड्याची बॅग मिळाली. आत कागद एकच, बाईंच्या दोन ओळींचा.

पहिला दिवस जेवणात आणि वामकुक्षीत गेला. दुसऱ्या दिवशी जुंपली. शब्द उधळलेल्या घोड्यावरून आला, असं एकांचं म्हणणं. "छे, छे! धूळ उधळण्यावरून!" दुसरे कडाडले. संध्याकाळपर्यंत घोडा हटेना आणि धूळ बसेना.

तिसऱ्या दिवशी निरोपाच्या जेवणाआधी साहेबांना बाई दिसल्या. "तुम्हालाही काही बोलायचंय का?"

"मी घरी सासूबाईंना विचारलं होतं," बाई उठून म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, लेकीने मिक्सर घेतला तर हौस, सुनेने घेतला तर उधळपट्टी. शब्द कुठून आला ते त्यांना ठाऊक नाही. कुणाला चिकटवायचा ते पक्कं ठाऊक आहे."

सगळे खदाखदा हसले. बाईंना चेव आला. "इथेही तेच की! दुसऱ्याने केली तर उधळपट्टी, आपण केलं तर चर्चासत्र."

हसू जागच्या जागी गोठलं. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या मेहुण्यांनी, ओल्या टॉवेलात. मग एकमताने ठराव झाला : उगम अनिश्चित.

सोमवारी बाईंची रवानगी 'ज्ञ' विभागात झाली. तिथे शब्द बोटांवर मोजण्याइतके आणि सोबतीला कुणी नाही. बाईंना लागलं, नाही असं नाही. दुपारी शिपाई चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमचं ते वाक्य अख्ख्या कचेरीत फिरतंय. साहेबांच्या ड्रायव्हरला तर तोंडपाठ आहे."

बाईंनी चहा घेतला, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसल्या.