कोरडी आंघोळ

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. शहर मात्र चहूबाजूंनी वाढत होतं. बायपासला नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या टाक्या टँकरनं भरत होत्या. अंगद तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात होता. उरलेला सगळा वेळ नाटकाचा. तात्यासाहेबांनी बसवलेल्या विनोदी नाटकात तो मिजासखोर जहागीरदार व्हायचा. दुसऱ्या अंकात हा जहागीरदार भर अंगणात आंघोळ करतो. दोन हंडे पाणी, तांब्यावर तांब्या आणि तोंडानं नोकरांचा उद्धार. शहरातल्या शहागंजच्या प्रयोगात लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचेच बाकी होते.

मग गंगापूरचा प्रयोग ठरला. अंगदचं गाव तिथून जवळच. घरी मेंढरं होती, आणि आई बानाबाई त्याचं नाटक पहिल्यांदाच बघणार होती. विजेचा भरवसा नसल्यानं प्रयोग उन्हं कलल्यावर, शाळेच्या मैदानात होता.

दुपारी दोन बाया हंडे घेऊन पडद्यामागं आल्या. पाणी टँकरवरचं होतं. नाटकाला लागतंय म्हणून लोकांनी आम्हाला रांगेत पुढं सोडलं, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. अंगदनं त्यांना हंडे घरी न्यायला लावले.

तात्यासाहेबांना हे पटलं नाही. पाण्याशिवाय तो नुसता हातवारे करणारा माणूस दिसेल, हशा पार जाईल, असं त्यांचं म्हणणं. अंगद वाद घालत बसला नाही.

"पाणी मी दाखवतो, तात्यासाहेब," तो म्हणाला. "नाही दिसलं, तर पुढं तुम्ही म्हणाल तसं."

त्यानं फक्त एक तांब्या पाणी मागून घेतलं. भरला तांब्या उचलताना कोपर कुठं जड होतं, ओतताना मनगट कधी वळतं, गार पाण्यानं खांदा कसा आखडतो, हे तो बघत राहिला. नंतर ते पाणी पिऊन टाकलं आणि रिकाम्या तांब्यानं तेच करू लागला. इतके दिवस काम पाणी करत होतं आणि हशा आपण घेत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

प्रयोगात पहिल्या तांब्याला मैदान गप्प. दुसऱ्याला त्याच्या कानात पाणी गेलं आणि कुणीतरी खुदकन हसलं. तिसऱ्यातलं पाणी त्यानं नोकरावर चिडून थेट लोकांकडं भिरकावलं. पुढच्या बायांनी पटकन लुगडी आवरली, मागं सरकल्या, आणि मग एकमेकींकडं बघून अशा हसल्या की सगळं मैदान हसायला लागलं.

नाटक संपल्यावर बानाबाई पडद्यामागं आली.

"नाटक बरं व्हतं," ती म्हणाली. "पण येवढं पाणी कशाला सांडलंस? बाया लई लांबून आणत्यात."

तांब्या रिकामा होता, हे तिला खरंच वाटेना. तिनं त्याचं धोतर चाचपून पाहिलं. मग मात्र पदर तोंडाला लावून ती बराच वेळ हसत राहिली. तात्यासाहेब शेजारीच उभे होते. हंडे आता कायमचे बंद, एवढंच ते म्हणाले, आणि अंगदला तेवढं पुरलं.

पुढं पाणी वाचवा म्हणणाऱ्या कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. नव्या वसाहतींमधूनही येत. नटानं समाजाला शिकवावं, असं आयोजक म्हणायचे. अंगदला भाषण जमायचं नाही. त्यापेक्षा आंघोळ करून दाखवतो, असं तो सांगायचा. लोक हसायचे. हसता हसता कुणीतरी आपल्या गच्चीवरून वाहणाऱ्या टाकीचा विषय काढायचं, दुसरा त्यात भर घालायचा, आणि अंगद तोंडावरचा रंग पुसत तिथंच बसून ऐकायचा.