सगळ्यांसारखी परीक्षा

"पायरी आली, पायरी!" असं ओरडत सुनंदाने भार्गवीचं मनगट आवळलं.

"आई, मनगट नको, कोपर दे." हे भार्गवी शाळेत असल्यापासून सांगत होती. कोपर धरलं, की पुढच्याच्या चालीवरून तिला पायरीही कळायची आणि वळणही. पण आईचा हात ऐकेल तर शपथ! जन्मापासून न दिसणारी मुलगी, त्यात नवऱ्याच्या बदलीपायी जयपूरसारखं परकं गाव. मनगट सोडायचं म्हणजे काय?

एका विमा कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची जागा निघाली होती. आजवरच्या मुलाखतींतून भार्गवीच्या पदरात नुसतं 'कळवतो' पडलं होतं, त्यामुळे या खेपेला सुनंदा देव पाण्यात घालून बसली होती.

मुलाखत घेणारे साहेब, माथुरजी, माणूस भला होता. पण सगळे प्रश्न त्यांनी सुनंदालाच विचारले. बेटी कहाँ तक पढ़ी है? दफ़्तर कैसे आएगी? सुनंदानेही जन्माच्या सवयीने धडाधड उत्तरं दिली. "मैं छोड़ने आऊँगी ना, रोज़!" मानसरोवरच्या घरून मेट्रोने एकटी कॉलेजला जाऊन पदवी घेतलेली भार्गवी शेजारी गप्प बसून होती.

"टेस्ट की तकलीफ़ क्यों दें?" माथुरजी मायेने म्हणाले. "रिसेप्शन पर बैठा देंगे. आराम का काम है, तनख़्वाह पूरी."

सुनंदाला हात जोडावेसे वाटले. तेवढ्यात भार्गवी पहिल्यांदा बोलली. "सर, मैंने शिकायत विभाग के लिए अर्ज़ी दी है. जो टेस्ट सबकी ली, वही मेरी लीजिए. फ़ेल हुई तो घर जाऊँगी."

हातातोंडाशी आलेला घास ही कार्टी लाथाडते! सुनंदाने तिला ढोसलं. "अगं, हो म्हण ना!"

"आई, तू बाहेर बस. मतलब, प्लीज."

बाहेरच्या बाकावर सुनंदाला आधी राग आला, मग रडू. आत परीक्षा सुरू झाली आणि भार्गवीचा लॅपटॉप बोलू लागला. कॉपीची शंका नको म्हणून इयरफोन काढायला लावले असावेत. पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो भरधाव आवाज. घरी सुनंदा त्याला भांडकुदळ बाई म्हणायची. बाई थांबली, की सुनंदाचा जीव टांगणीला लागायचा. मग कीबोर्डच्या कळा खडखडल्या, की तिचा जीव भांड्यात पडायचा. एवढ्या बडबडीतला एक शब्द तिला कळेना, आणि पोरगी तर त्यातच रोज वावरत होती. हे आज पहिल्यांदा तिला टोचलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. भार्गवीच्या मागोमाग माथुरजी बाहेर आले.

"पास हो गई. शिकायत विभाग में ही. सोमवार से आना है. माताजी, आप इसे कितने बजे छोड़ेंगी?"

सुनंदाचं तोंड उघडलं. उत्तर जिभेवरच होतं. ते तिने गिळलं.

"मुझसे क्या पूछते हैं? उसी से पूछिए."

माथुरजी ओशाळले, भार्गवीकडे वळले आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला.

"मेट्रो से आऊँगी, सर. दस से पहले."

जिन्याशी सुनंदाचा हात मनगटाकडे गेला. तो मागे घेऊन तिने कोपर पुढे केलं. भार्गवीने ते हलकेच धरलं.

"सोमवारी येऊ का गं? पहिल्या दिवसापुरती?"

"नको, आई."

सुनंदाला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. मग ती काही न ओरडता पहिली पायरी उतरली आणि मागोमाग भार्गवीही उतरली.