सहा नंबरचा दोर

तिने बाबांच्या मासेमारीच्या जुन्या दोराचा तुकडा वेटोळं करून काचेच्या वाटीत बसवला, तराजूची दारं सरकवून बंद केली आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. दहा पूर्णांक चार ग्रॅम. तिने दोर काढला, रिकामी वाटी पुन्हा शून्यावर आणली आणि परत वजन केलं. तेवढंच आलं.

प्रयोगशाळेतले सगळे जेवायला गेले होते. सकाळी तिने व्हरांड्यात टेप लावून दोराचे टोकाकडचे नऊ मीटर मोजून कापले, तेव्हा फरशी पुसणाऱ्या बाईंनी तिला, आता इथे धुणं वाळत घालणार का, असं विचारलं होतं. दोराचा नंबर या पहिल्या नऊ मीटरांच्या वजनावर ठरतो. पाच नंबर म्हणजे नऊ ग्रॅमच्या जरा वर, सहा म्हणजे साडेदहाच्या जरा खाली. गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीला स्वतःचं वजन असं नसतंच; तिला पाण्यावर लांब नेतो तो दोर, आणि काठी वाकते तीही दोराच्याच वजनाने. एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं, कारण बाबा दुसऱ्या कशावर फारसं बोलतच नसत.

बाबांनी आयुष्यभर पाच नंबरच वापरला होता. जुना दोर तडकला म्हणून गेल्या महिन्यात तिने त्यांना नवा आणून दिला, डब्यावर ठळक पाच लिहिलेला. तो घेऊन ते नदीवर गेले आणि जेवायच्या आधीच परत आले. दोर पुढे जातच नव्हता, पायाशी गोळा होत होता. पुढच्या रविवारीही तेच झालं. मग त्यांनी काठी कपाटामागे उभी केली आणि आईने विचारल्यावर, खांदा संपला आता, एवढंच म्हणाले. उजवा खांदा काही वर्षांपूर्वी पडून दुखावला होता. पण तो पुढच्याच मोसमात बरा झाला, असं घरात सगळे धरून चालले होते. बाबा त्याचं श्रेय सकाळच्या व्यायामाला देत, आणि तो व्यायाम फक्त त्यांनाच दिसे.

नवा दोरच सदोष निघेल, या आशेने तिने दोन्ही तोलायला आणले होते. नवा अगदी बरोबर होता. पाच नंबरशी न जुळणारा होता तो जुना; तो सहा निघाला.

रिळं साफ करणं, दोर धुऊन परत गुंडाळणं हे बाबांचं आणि स्वतःचं काम दर वर्षी एकटे चष्मेवाले काका करत; चष्म्यांचं दुकान चालवणारे, बाबांचे नदीवरचे जुने सोबती. बाबा भूगोलाचे मास्तर, बोटं नकाशे काढण्यात निष्णात. पण गाठ दिसली की ते कात्री शोधत.

बाबा आणि काका एक वर्षाहून अधिक काळ बोलत नव्हते. कारण गावभर माहीत होतं. गेल्या निवडणुकीपासून नदीकाठ दुभंगला होता: देशाच्या नेत्याला मानणारे पुलाच्या वरच्या अंगाला बसत, न मानणारे खालच्या. वरचे म्हणत, देशाला पहिल्यांदा कणा मिळाला. खालचे म्हणत, तुमचा गाळ शेवटी आमच्याकडेच येतो. मासे दोन्हीकडे सारखेच कमी मिळत. काका नेत्याचे, बाबा विरोधातले; म्हणून ते दोघे मधोमध, पुलाच्या खांबाशी बसत आणि दिवसभर वाद घालत. आई म्हणे, यांना घरची भांडणं पुरत नाहीत म्हणून देशाची विकत आणतात.

मग एका संध्याकाळी कोणीतरी मोबाइलवर नेत्याचं भाषण लावलं. देशातल्या नद्या आता आरशासारख्या स्वच्छ झाल्या आहेत, असं तो सांगत होता. समोर फेस वाहत होता. काका म्हणाले, लोकांना धीर लागतो, सगळं खरं सांगून कोणाचं भलं झालंय. त्यावर बाबा काहीतरी बोलले, काकांनी सामान उचललं, आणि तेव्हापासून ते नदीवर आले नाहीत. एका नेत्यापायी त्याने मला सोडलं, असं बाबा सगळ्यांना सांगत. ते आता खालच्या अंगाला बसत.

काम सुटल्यावर ती काकांच्या दुकानात गेली. दार अर्धंच उघडं होतं. आत चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा खोक्यांत भरलेल्या होत्या आणि अक्षरांचा तक्ता जिथे टांगलेला असे, तिथे भिंतीवर पांढरा चौकोन उरला होता. काकांनी तिला स्टूल पुसून दिलं. परवा, शनिवारी, ते मुलाकडे निघणार होते, विमानाने, कायमचे. दुकान विकलं होतं.

तिने पिशवीतून दोराचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. वजन सांगितलं. काका बराच वेळ तो बोटांत फिरवत राहिले.

"तुला मोजायला शिकवलं हेच चुकलं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पडल्यानंतर त्या उन्हाळ्यात बाबांना काठी वाकवताच येत नव्हती. ताकद लावायची सोय नव्हती. एक नंबर जड दोर असला की काठी थोड्या हातातही वाकते. पण हे बाबांना सांगितलं असतं, तर त्यांनी काठीच मोडून टाकली असती. म्हणून साफसफाईला आणलेल्या रिळावर काकांनी त्याच रंगाचा सहा नंबर गुंडाळून दिला होता.

"माझ्या धंद्यात हेच चालतं. नंबर वाढला म्हटलं की माणूस खचतो. मी काच बदलून देतो आणि म्हणतो, फ्रेम वाकली होती."

"मग त्या संध्याकाळी काय झालं, काका?"

त्यांनी तुकड्याचं वेटोळं नीट केलं.

"तो म्हणाला, दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून जो खोटं सांगतो, त्याच्या शेजारी मी बसणार नाही. आणि हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या रिळाकडे बघत होता. मी समजलो. त्याला कळलंय, आणि चारचौघांत नाव न घेता तो मलाच सांगतोय." ते थोडं हसले. "नेत्याचं काय घेऊन बसलीस. नेत्यावरून आम्ही रोजच भांडत होतो."

आतल्या खोलीतून त्यांनी एक डबा आणला. त्यावरची चिठ्ठी खरवडून काढलेली होती. त्या वेळी त्यांनी सहा नंबरचे दोन दोर घेतले होते. पहिला झिजल्यावर लागेल म्हणून. पाचच आहे म्हणून दे, असं त्यांनी बजावलं. आणि मी निघालोय हे मी गेल्यावरच सांग. तो निरोप द्यायला आला नाही, तर मला जड जाईल. आला, तर त्याला.

तिने होकारार्थी मान हलवली. शुक्रवारी रात्री जेवताना बाबा तिच्या समोरच बसले होते. तिने त्यांना दोनदा आमटी वाढली आणि दिलेला शब्द पाळला.

रविवारी तिने हट्टाने त्यांना नदीवर नेलं. सदोष माल परत केला, हा नवा बघा, एवढंच सांगितलं. बाबांनी रीळ हातात घेतलं, थोडा दोर ओढून अंगठ्याखाली चोळला आणि पुलाकडे चालू लागले. खालच्या अंगाला गेले नाहीत. खांबाशी थांबले.

दोर मागे गेला, क्षणभर हवेत ताणून राहिला, काठी वाकली, आणि तो सरळ पुढे जाऊन पाण्यावर उलगडला. वरच्या अंगाच्या कोणीतरी, वा मास्तर, म्हटलं. बाबांनी लक्ष दिलं नाही.

"त्याने दिला ना?"

"कोणी?"

"हा सहा आहे." ते दोर हळूहळू आत घेत होते. "आधीचाही सहाच होता. चाळीस वर्षं हातात काठी आहे माझ्या. पहिल्याच फेकीला कळलं."

"मग तुम्ही त्यांना काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणायचं? बरं चाललं होतं. त्याला वाटत होतं मला कळलेलं नाही, तर वाटू दे म्हटलं."

तेव्हा तिने त्यांना त्या संध्याकाळबद्दल सांगितलं. काकांनी ऐकलेलं वाक्य, रिळाकडे असलेली नजर. बाबांचा हात थांबला. पाण्यावरची माशी वाहत खांबाला लागली तरी त्यांनी ती सोडवली नाही.

"दोर गुंतला होता," शेवटी ते म्हणाले. "तो सोडवत होतो मी. म्हणून बघत होतो." आणि थोड्या वेळाने, "मी तर त्या भाषणवाल्याला बोलत होतो गं."

वरच्या अंगाला कोणाला तरी मासा लागला. थोडी गडबड झाली, मग शांत झालं.

"वर्षभर मी सांगत फिरलो, एका नेत्यापायी गेला म्हणून." त्यांनी खांबाजवळून माशी सोडवली, तिची पिसं ओठांनी सरळ केली. खांबाच्या पलीकडे एक सपाट दगड होता, काकांचा. बाबा त्याच्याकडे बघत होते. "आज रविवार. दुकान बंद असेल त्याचं. उद्या उघडल्या उघडल्या जाऊ आपण. तू थोडी उशिरा जा कामाला."

"बाबा," ती म्हणाली. काकांचं विमान कालच गेलं होतं.

पण त्यांनी दोर उचलला होता. तो मागे गेला, हवेत ताणला, आणि त्यांचा चेहरा, कित्येक महिन्यांत दिसला नव्हता असा, मोकळा झाला. दोर पुढे निघाला. तो पाण्यावर टेकेपर्यंत ती थांबली.