न वाजलेली शिट्टी

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, बुडाला पोचा आलेला, एका कानाचा स्क्रू बदललेला. मित्रांनो, तुम्ही मला माझ्या शिट्टीवरूनच ओळखता. पण एका शनिवारी सकाळी ती वाजलीच नाही. त्या सकाळची आठवण आली की अजून माझं बूड थंड पडतं.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या गोल पत्र्याला यंत्राने दाबून माझं पोट घडवलं. मग पाणी भरून, दाब देऊन, मी कुठे गळतो का ते पाहिलं. तपासणाऱ्या माणसाने मला टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि नुसती मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

या घरात मला सासूबाईंनी आणलं. तेव्हा त्या स्वतःच नव्या सूनबाई होत्या. त्यांचा एक नेम होता. झाकण लावायच्या आधी ते डोळ्यापुढे धरायचं आणि ज्या नळीवर शिट्टी बसते, तिच्यातून खिडकीकडे पाहायचं. पलीकडचा उजेड दिसला तरच झाकण लावायचं. पुढे घरात सून आली, तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकघर तिच्यावर सोपवलं आणि एवढंच सांगितलं, "बाकी तुझ्या मनासारखं कर. फक्त उजेड दिसल्याशिवाय झाकण लावू नकोस."

सून जात्याच धास्तावलेली. दाराची कडी तीनदा बघणार, द्राक्षाचे चार तुकडे करणार, धाकटी लेक झोपली की नाकापुढे बोट धरून श्वास पाहणार. सासूबाई हसून म्हणायच्या, "आमच्या फौजदारीणबाई." तिचा जीव निवांत व्हायचा तो फक्त पुस्तकात. आणि वाचायला सवड मिळायची ती फक्त माझ्याशेजारी. मी शेगडीवर चढलो की ती ओट्याला टेकून पुस्तक उघडायची. सात वर्षांची थोरली स्टुलावर बसून ऐकायची. मायलेकींचा हिशेब ठरलेला होता. पहिल्या शिट्टीपर्यंत दोन पानं, पुढे शिट्टीमागे एकेक पान. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद आणि पुस्तकही बंद. एका घरात मी भूक आणि गोष्ट दोन्ही शिजवत होतो. याहून मोठा मान भांड्याला काय असतो?

पण माझ्या झाकणावर आणखी एक छोटी वस्तू आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह. शिट्टीची वाट बुजली तर त्याने उडायचं आणि वाफेला वाट द्यायची. तो जुना झाला होता. दुरुस्तीवाल्याने दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं. मुलींचे बाबा म्हणाले, "चालतोय ना? मग बघू पुढच्या खेपेला." ती खेप काही आली नाही.

त्या शनिवारी पुस्तकातली पोस्टमनबाई टपालाची पिशवी घेऊन दोरांच्या पुलाच्या मधोमध अडकली होती आणि पुलाचा एक दोर तुटला होता. आदल्या दिवशी वाचन नेमकं तिथेच थांबलं होतं. "आई, लवकर," थोरलीने भुणभुण लावली होती, आणि खरं सांगायचं तर आईलाही तेवढीच घाई होती. तिने भिजवलेले वाटाणे घातले, पाणी ओतलं आणि झाकण लावलं. नळीतून पाहिलं नाही. सगळ्या वर्षांत पहिल्यांदा.

मित्रांनो, त्या नळीत कालच्या वाटाण्याचं एक साल वाळून घट्ट बसलं होतं.

वाफ वर आली, धडकली आणि माघारी फिरली. ओरडणं हाच माझा धर्म, आणि माझंच तोंड बांधलेलं. खाली माझ्या बरोबर समोर दहा महिन्यांची धाकटी बसली होती. डब्यावर चमचा आपटत होती. वर आई वाचत होती, छान वाचत होती, आवाज खाली-वर करून. एक पान उलटलं. दुसरं. तिसरं. चौथं. माझ्या कानाचा नवा स्क्रू करकरला. कोणाला ऐकू गेला नाही.

"आई, थांब."

"आता वाच वाच करत होतीस ना?"

"पाचवं पान चालू आहे," थोरली म्हणाली. "आणि शिट्टी एकपण नाही झाली."

आईने माझ्याकडे पाहिलं. ना शिट्टी, ना फुसफूस, ना वाफेचा धागा. पुस्तक तिच्या हातातून ओट्यावर उपडं पडलं. तिने धाकटीला काखेत उचललं, थोरलीचा दंड धरला आणि दोघींना बाहेर नेलं. बाल्कनीतून सासूबाई ओले कपडे टाकून धावत आल्या. मुली त्यांच्याकडे देऊन आई परत आत आली. तिने पळीकडे हात नेला. शिट्टी वर उचलून वाफ सोडावी, असं तिच्या मनात आलं असावं.

"हात लावू नकोस त्याला," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. "खाली वाक. गॅस बंद कर आणि ये."

ती ओट्याखाली वाकली, चाचपडत हात वर नेला. बटण दोनदा बोटांतून निसटलं. तिसऱ्यांदा ज्योत विझली.

मग दार लोटून सगळ्या पलीकडे बसल्या. धाकटी चमच्यासाठी रडत होती. मला निवायला पाऊण तास लागला, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं मी माझी कड कशी धरून ठेवली ते माझं मला ठाऊक.

"आई, पुस्तक आतच राहिलं," थोरलीचा आवाज आला.

"राहू दे."

"मग ती पडली का पुलावरून?"

मग सासूबाई म्हणाल्या, "सांग गं. मलापण कळू दे." आई आठवेल तसं, उरलेलं मनाचंच सांगायला लागली.

संध्याकाळी दुरुस्तीवाल्याने माझं झाकण उजेडात धरलं आणि व्हॉल्व्हवर नख मारलं. "दगड झालाय. हा उडालाच नसता, ताई." मुलींचे बाबा मला भंगारात द्यायला निघाले.

"त्याला कशाला देतोस?" सासूबाई म्हणाल्या. "दोन वर्षं बघू बघू तू म्हणालास. त्याने नाही."

नवा व्हॉल्व्ह बसला, नवी रिंग बसली. पण पुस्तक कपाटावर गेलं. चार दिवस आई माझ्यापुढे हाताची घडी घालून उभी राहिली. मी चार शिट्ट्या दिल्या आणि घरात दुसरा आवाज नव्हता. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "मला वाचायचा नादच नको."

"झाकण न बघणं चुकलं," सासूबाई म्हणाल्या. "वाचणं नाही. पानं मोजत होतीस म्हणून तर पोरीला कळलं. नुसती उभी असतीस तर तुझं मन भाजीत असतं, दुधात असतं."

पाचव्या दिवशी आईने पुस्तक खाली काढलं आणि थोरलीच्या मांडीवर ठेवलं. "आता तू वाच. मी इकडे बघते." थोरली प्रत्येक जोडाक्षराला ठेचकाळते. एका शिट्टीत अर्धंच पान होतं. पोस्टमनबाई अजून त्या पुलावरच आहे.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना 'बघू पुढच्या खेपेला' म्हणू नका. आमची नळी साफ ठेवा, झिजलेला भाग वेळेवर बदला. आम्ही ओरडतो तेव्हा काळजीचं कारण नसतं. रोज ओरडणारं कोणी अचानक गप्प झालं, तर मात्र हातातलं ठेवून उठा आणि काय झालं ते बघा.